रमजानचा तास

फेस, २ एप्रिल

खाला,

घरी सगळे बरे आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे तू शेवटचं पान आधी उलटून बघणार नाहीस. आईचा गुडघा दुखतो, पण ती तो स्वतःहून सांगते आहे, म्हणजे फार दुखत नसावा.

नव्या जागी मी नेमकं काय करते ते तू विचारलं होतंस. "फोनवर 'कम्प्युटरचं काम' म्हणून वाटेला लावलंस, तसं पत्रात चालणार नाही," असंही बजावलं होतंस. तर लिहिते.

सी जव्वाद वास्तुरचनाकार आहेत. (कचेरीत वडील पुरुषांना 'सी' आणि बायकांना 'लल्ला' लावल्याशिवाय कुणी हाक मारत नाही.) जुन्या शहरातली खचलेली घरं आणि सराया पुन्हा उभ्या करायचे आराखडे त्यांच्या कचेरीत होतात. आजवर कचेरीचे तीन विभाग शहरात तीन ठिकाणी होते. मार्चपासून सगळे नव्या शहरातल्या एका इमारतीत आले. येताना प्रत्येकाने आपापले संगणक आणले, आणि आपापला हट्टही. तळमजल्यावर आरेखक आहेत, त्यांचे प्रमुख सी बूशता. त्यांच्याकडे सगळं विंडोज. पहिल्या मजल्यावर छायाचित्रं आणि प्रतिकृती करणारे, त्यांचा म्होरक्या सफवान. त्यांच्याकडे मॅक. वर मोजणी आणि नकाशे, तिथे लल्ला नझहा. त्यांच्याकडे लिनक्स.

एकाची फाइल दुसऱ्याला हवी असेल तर माणूस पेनड्राइव्ह घेऊन जिना चढतो. गेल्या महिन्यात एका प्रस्तावात नवा पाया आणि त्यावर जुन्या मोजणीची भिंत, असं घर नगरपालिकेत गेलं. भिंत हवेत होती. तेव्हापासून सी जव्वाद पेनड्राइव्ह दिसली तरी तोंड वाकडं करतात.

माझं काम असं: जिन्याखालच्या खोलीत एक सर्व्हर बसवायचा. प्रत्येक माणसाला एक नाव, एक पासवर्ड. तो कुठल्याही मजल्यावर, कुठल्याही जातीच्या संगणकावर बसला तरी त्याला तेच एक कपाट दिसलं पाहिजे, त्यातले तेच कागद, आणि तेच छापयंत्र. तिघांची भाषा वेगळी. सर्व्हरला तिन्ही यायला हव्यात.

पहिल्या दिवशी मला भेटायला तिघेही एकदम आले.

"लल्ला विआम, आमच्या मॅकना खालच्या पंगतीत नका बसवू," सफवान म्हणाला. "सर्दी होईल त्यांना."

"पोरा, मिरवणुकीचा घोडाही देखणा असतो," सी बूशता म्हणाले. "नांगर ओढतो का?"

लल्ला नझहा म्हणाल्या, "माझी प्रणाली फुकट मिळते म्हणून दोघं हसतात. मोजमापं मागायला मात्र माझ्याच दाराशी येतात."

मी कुणाची बाजू घेतली नाही. केबल मोजायला घेतली.

विआम


वज्दा, ९ एप्रिल

विआम, माझ्या डोळ्यांच्या उजेडा,

पत्र मिळालं. सुरेख आहे. औषधाच्या डबीतल्या चिठ्ठीसारखं. आत काय काय घातलंय ते सगळं लिहिलेलं, आणि दुखतंय कुठे ते कुठेच नाही.

अगं, आयुष्यभर बाळंतपणं केली मी. "काही नाही, थोडंसं दुखतंय" म्हणणाऱ्या बाया मला ठाऊक आहेत. तासाभरात पोर हातात येतं. म्हणून तुझ्या आईला फोन केला. तिने आधी गुडघा सांगितला, मग बाकीचं. तू रबातच्या बँकेतली पक्की नोकरी नाकारलीस म्हणे! आणि या जव्वादशी ठरवलंस काय, तर रमजान लागायच्या आत तिन्ही जातीचे संगणक एका दावणीला बांधीन. नाही जमलं तर तू जायचं आणि सगळं काम कासाब्लांकाच्या कुठल्या कंपनीकडे द्यायचं. हे मला पत्रात लिहायला तुझी शाई संपली होती का?

बँक नाकारलीस याचा राग नाही. मला कळवलं नाहीस याचा आहे.

आता एक साधी गोष्ट विचारते, हसू नकोस. तिघांना भांडायला लावण्यापेक्षा सगळ्यांना एकसारखी यंत्रं का देत नाहीत? आमच्या इस्पितळात खाटा वेगवेगळ्या आकाराच्या होत्या तेव्हा चादरींवरून रोज भांडणं. सगळ्या सारख्या आणल्या, भांडण मिटलं.

सोबत तिळाचे गोल काक भाजून पाठवते आहे. बसवाल्या मीमूनकडे दिलेत. तो वाटेत दोन खाईल, ते त्याचे. बाकीचे मोजून घे.

तुझी खाला यामना


फेस, २० एप्रिल

खाला,

मीमूनने चार खाल्ले.

अट खरी आहे. लिहिली नाही, कारण लिहून ती सैल होणार नव्हती.

तुझा प्रश्न योग्य आहे. कासाब्लांकाच्या कंपनीचे गृहस्थ तोच प्रश्न रोज विचारतात, फक्त उत्तरही त्यांनी बरोबर आणलेलं असतं: सगळी जुनी यंत्रं फेका, आमची एकसारखी घ्या. पण खाटेवर कुणीही झोपतं. लल्ला नझहांची मोजणीची साधनं त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं जुळवत आणली आहेत, आणि ती त्यांच्याच प्रणालीवर चालतात. यंत्रं बदलली तर नकाशांचा विभाग बंद होतो आणि ते काम कासाब्लांकाला जातं. सफवानचं तसंच. मग फेसची सराई दुरुस्त करायला फेसमध्ये फक्त गवंडी उरतील. मी बँक यासाठी नाकारली. माणसाने यंत्र बदलावं की यंत्राने माणसाशी जुळवून घ्यावं, याचं उत्तर मला माहीत आहे असं मला वाटतं. ते करून दाखवायची जागा बँकेत नव्हती.

आता प्रगती. मंगळवारी सफवानच्या मॅकवरून तळमजल्यावरच्या मोठ्या छापयंत्रावर पहिला नकाशा उतरला. सी बूशता यंत्राजवळ उभे होते. कागद सरकत बाहेर आला तसे ते एकेक पाऊल मागे गेले.

"हे कोणी पाठवलं?"

"वरून सफवानने."

"जिना न उतरता?" त्यांनी कागद उजेडात धरला. मग जिन्याकडे तोंड करून ओरडले, "ए सफवान! रेघ बारीक आलीये! घोड्याला चारा घाल!"

गुरुवारी तिन्ही मजल्यांवरची सगळी माणसं एकाच वेळी आत आली. प्रत्येकाला तेच कपाट दिसलं. लल्ला नझहांनी मला पुदिन्याचा चहा आणून दिला. त्या कुणालाच चहा देत नाहीत, असं मला नंतर कळलं.

शेवटची परीक्षा सोमवारी, ६ मेला. एका सराईच्या दुरुस्तीचा प्रस्ताव सी जव्वाद यांच्या आणि कासाब्लांकाच्या गृहस्थांच्या समोर तिन्ही विभागांनी आपापल्या जागेवरून एकत्र करायचा. तयारी पूर्ण आहे.

विआम


वज्दा, २८ एप्रिल

विआम बेटा,

"तयारी पूर्ण आहे!" हे वाक्य मी शेजारच्या फतूमला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लढाईवर आहे का गं तुझी भाची?" म्हटलं, हो, आणि जिंकते आहे.

इथे रमजानची धांदल. सेल्लूच्या मिठाईसाठी तीळ भाजून झाले, बदाम व्हायचे आहेत. आणि पुढच्या रविवारी घड्याळं पुन्हा एक तास मागे, ईद झाली की पुन्हा पुढे. माझा तर या घड्याळांवरचा विश्वासच उडालाय. गेल्या ऑक्टोबरात सरकारने दोन दिवस आधी ठरवलं की यंदा वेळ मागे न्यायची नाही, आणि माझ्या मोबाइलला ते कुणी सांगितलंच नाही! तो आपला शहाण्यासारखा रात्रीत मागे गेला. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे तासभर उशिरा. ती दारावरची पोरगी म्हणते, "हाज्जा, तुमचा नंबर गेला." तेव्हापासून मोबाइलचं ते आपोआप-बिपोआप बंद करून टाकलंय. मी माझ्या हाताने वेळ लावते. हात खोटं बोलत नाही.

सोमवारी तुझ्यासाठी दुआ मागेन. काळा सदरा घालू नकोस. तुझ्याकडे दुसरा रंग असेल तर.

खाला यामना


फेस, ७ मे

खाला,

तुला रमजान मुबारक. आजचा पहिला रोजा नीट गेला.

काल एक अडचण आली. सर्व्हरने आरेखक विभागातल्या एकालाही आत घेतलं नाही. सफवानच्या विभागातल्याही कुणाला नाही. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी नकार. फक्त लल्ला नझहांचा विभाग आत गेला, काही झालंच नाही अशा थाटात.

कासाब्लांकाचे गृहस्थ फार गोड हसले. "मुली, उंट, गाढव आणि खेचर एका गाड्याला जुंपून कुणी शर्यत जिंकली आहे का?"

सफवान म्हणाला, "म्हणजे शेवटी फुकटचीच यंत्रं आत आणि आम्ही बाहेर?" त्यावर लल्ला नझहा असं काही बोलल्या की ते पत्रात लिहिता येणार नाही.

नकाराचं कारण सर्व्हरच्या नोंदीत आहे: वेळ जुळत नाही. मी तिन्ही मजल्यांवर फिरून प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. सगळी घड्याळं एकमेकांशी जुळतात. रमजानची वेळ दाखवतात. भिंतीवरचं घड्याळही तेच दाखवतं. म्हणजे नोंद चुकीची असली पाहिजे, आणि खरं कारण दुसरीकडे.

सी जव्वाद यांनी गुरुवारपर्यंत वेळ दिला आहे.

सुटेल.

विआम


वज्दा, ९ मे

विआम,

पत्र एवढंसं. शेवटी "सुटेल" आणि पुढे काही नाही. बेटा, तू घाबरली आहेस. तू घाबरलीस की तुझी वाक्यं आखडतात, लहानपणापासून. सुंता व्हायच्या दिवशी तुझा भाऊ बोंबलत होता आणि तू कोपऱ्यात बसून म्हणत होतीस, "कात्री लहान आहे." तेवढंच.

आता ऐक. सगळ्या गल्लीत अंधार आणि एकाच खिडकीत उजेड असेल, तर तार कुणी कापली हे शोधायला मोजणीची साधनं लागत नाहीत. ती नझहा! स्वतः आत, बाकीचे बाहेर. चहा पाजला म्हणतेस. अगं, चहा पाजूनच माणूस गाफील करतात. तिच्या खोलीला कुलूप असतं का? किल्ली कुणाकडे? जा आणि विचार तिला. तोंडावर विचार.

आणि रोजा सोडताना नुसत्या खजुरावर राहू नकोस. हरीरा पी, पोटात गरम डाळ-टोमॅटो जाऊ दे. आई म्हणते तू वाटी तशीच ठेवतेस.

पत्र मीमूनच्या हाती देते आहे. वेळेवर पोचो, या अल्ला.

खाला


फेस, ११ मे

खाला,

तुझं पत्र गुरुवारी संध्याकाळी पोचलं. तोवर संपलं होतं. शेवटून सुरुवात करते: काम झालं.

तुझा तर्क अर्धा बरोबर होता. कुलूप होतं. लल्ला नझहा आपली खोली बंद करून किल्ली घरी नेतात. सगळ्या गोष्टीचा जीव त्या कुलपातच होता, पण तू म्हणतेस त्या अर्थाने नाही.

मंगळवारचा आख्खा दिवस मी चुकीच्या ठिकाणी शोधलं. बुधवारी सकाळी ठरवलं की सर्व्हर खोटं बोलत नाही असं धरून चालू. तो म्हणतो वेळ जुळत नाही, तर मी ती वेळ पाहिली पाहिजे जी तो पाहतो. पडद्याच्या कोपऱ्यातली नव्हे.

हे तुला समजेल असं सांगते. संगणकाच्या पोटात दोन गोष्टी असतात. एक जगाची वेळ, जी पृथ्वीवर सगळीकडे एकच. दुसरी, आपल्या देशाचा तिच्यापासूनचा फरक. दोन्ही मिळून जे होतं ते कोपऱ्यात दिसतं. आपला फरक एरवी एक तासाचा, आणि रमजानात शून्य. म्हणजे रमजानात फक्त फरक बदलतो. जगाची वेळ रोजा धरत नाही.

मी लल्ला नझहांच्या संगणकाला जगाची वेळ विचारली. मग खाली येऊन सी बूशतांच्या संगणकाला विचारली. दोघांच्या कोपऱ्यात साडेदहा. पण पोटात एकाचे साडेदहा, दुसऱ्याचे साडेनऊ.

सी बूशता माझ्या मागे उभे होते. मी विचारलं, "रविवारी कुणी या यंत्रांना हात लावला?"

"हात?" त्यांची छाती फुगली. "बाई, सेवा केली म्हणा! सुटीच्या दिवशी आलो, किल्ली माझ्याकडेच असते. ऑक्टोबरात या यंत्रांनी आमची फजिती केली होती. माझा आख्खा विभाग तासभर उशिरा आला, नगरपालिकेची बैठक बुडाली. तेव्हाच मी त्यांचं आपोआप वेळ लावणं बंद करून टाकलं. आता दर वेळी माझ्या हाताने लावतो. एकेक यंत्र, मिनिटाला मिनिट. सफवानच्या मजल्यावरचीही तशीच आपोआप बंद करून लावली, त्यानेच सांगितलं होतं. फक्त वरची राहिली. लल्ला नझहांचं कुलूप होतं."

 सी बूशतांनी फरक तसाच ठेवला होता आणि जगाची वेळच तासभर मागे ओढली होती. चेहरा अगदी बरोबर. पोटात सगळं जग एक तास जुनं. सर्व्हर आत येणाऱ्या प्रत्येकाला वेळ घातलेली एक चिठ्ठी मागतो, आणि तासाभरापूर्वीची चिठ्ठी त्याला चोरीची वाटते. तो चोरांना बाहेर ठेवत होता. त्याचं चुकलं नव्हतं. ज्या यंत्रांची काळजी घेतली गेली तीच बाहेर राहिली, आणि जी कुलपात राहिली ती आत गेली. वरच्या त्या यंत्रांनी रमजानचा फरक आपला आपणच बदलला होता.

सी बूशतांना हे कळलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे सोमवारी तुमची मान मी खाली घालायला लावली?"

"तुम्ही घड्याळं बरोबर लावलीत," मी म्हटलं. "यंत्रांना रमजान आहे हे सांगायचं राहिलं."

त्यांनी बराच वेळ मिशी चोळली. मग म्हणाले, "सांगा मला कसं सांगायचं. मी सांगतो त्यांना."

आणि आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. तळमजल्यावरच्या यंत्रांना त्यांनी, पहिल्या मजल्यावरच्या यंत्रांना मी. जुन्या यंत्रांकडची देशांच्या वेळांची माहिती शिळी होती, ती नवी घातली. मग प्रत्येक यंत्राला सांगितलं की यापुढे वेळ फक्त सर्व्हरला विचारायची. माणसाला नाही.

गुरुवारी सी जव्वाद मध्यभागी बसले. कासाब्लांकाचे गृहस्थ त्यांच्या शेजारी, पाय पसरून. मी वर फोन केला. लल्ला नझहांनी मोजणी ठेवली. पडद्यावर सराईचं अंगण उमटलं. सी बूशतांनी त्यावर भिंती चढवल्या. मग सफवानने भिंतींवर छायाचित्रं बसवली: कोरीव कठडे, मधला हौद, वरच्या सज्ज्याचं तुटलेलं लाकूड. पडद्यावर सराई पायापासून छतापर्यंत उभी राहिली, आणि जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं नाही. कुणी तरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

कासाब्लांकाचे गृहस्थ म्हणाले, "चाललं खरं. ईदनंतर वेळ पुन्हा पुढे जाईल, तेव्हा बघू."

सी जव्वाद माझ्याकडे वळले. "हे म्हणतात ते खोटं नाही, लल्ला विआम. ईदनंतरच्या पहिल्या सोमवारी सगळे आत गेले, तर त्याच दिवशी तुमचा करार. नाहीतर..."

"नाहीतरची गरज पडणार नाही," मी म्हटलं.

नंतर जिन्याखालच्या खोलीत जाऊन मी थोडा वेळ दार लावून बसले. मग हरीरा प्यायला घरी गेले. वाटी रिकामी केली.

विआम


वज्दा, १४ मे

विआम,

नझहाबद्दल जे लिहिलं ते मी गिळलं. रोज्यात काही गिळू नये, पण हे गिळलं. तिला माझा सलाम सांग, कारण सांगू नकोस.

बूशताला रागावली नाहीस, शाबास. मी असते तर त्याच्या मिशीचा एक केस ठेवला नसता. आणि खरं सांगू? तुझं पत्र वाचून झाल्यावर माझ्या मोबाइलकडे पाहिलं. मीही त्याच्या पोटात जग मागे ओढून ठेवलंय. ईदला येशील तेव्हा बघ. फतूमला यातलं काही बोलू नकोस.

पण त्या सोमवारचं काय? तो कोट घातलेला कोल्हा काहीतरी बोलून गेलाय. कुणीतरी पुन्हा सवयीने हात लावला तर?

खाला


फेस, १० जून

खाला,

ईदला तुझ्याकडे आले तेव्हा तू चार वेळा विचारलंस की सोमवारची भीती वाटते का, आणि मी चार वेळा नाही म्हटलं. वाटत होती.

काल रविवारी पहाटे वेळ पुढे गेली. आज सकाळी मी लवकर पोचले, तर चौकीदार म्हणाला, "काल सी बूशता दिवसभर इथेच होते."

 मी जिन्यावरच थांबले. किल्ली त्यांच्याकडे, सुटीचा दिवस, घड्याळ बदललेलं. पुन्हा सेवा.

तेवढ्यात ते मागून आले. डोळे तांबारलेले, चेहरा मात्र सुलतानासारखा.

"सी बूशता," मी म्हटलं, "काल तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर काही नाही केलं!" ते म्हणाले. "बाई, याच्याइतकं अवघड काम मी जन्मात केलं नाही. व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि बसलो. दुपारी हा सफवान आला. म्हणे कॅमेरा न्यायचाय. कॅमेरा घेतला आणि म्हणतो कसा, 'जाता जाता जरा घड्याळ बघतो.' म्हटलं, हात खिशात घाल! एक बोट जरी बाहेर काढलंस तर तुझ्या आईला सांगेन."

"खरंच सांगितलं असतं यांनी," मागून सफवान म्हणाला. "मी दोन्ही हात खिशात घालून जिना उतरलो. दार लाथेने उघडलं."

मग सगळे जमले. सी जव्वाद आले. कासाब्लांकाचे गृहस्थ आले, या वेळी उभेच राहिले. लल्ला नझहा आपल्या खोलीतून खाली आल्या. मी कुठल्याही यंत्राजवळ गेले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, "चालू करा."

सी बूशता आत गेले. सफवान आत गेला. वरून लल्ला नझहांच्या मदतनिसाने ओरडून सांगितलं, "आत!" मग एकामागून एक तळमजल्यावरचे, पहिल्या मजल्यावरचे. प्रत्येक जण आपलं नाव घालायचा आणि "आत!" म्हणून ओरडायचा. दुसऱ्यांदा कुणाला टाइप करावं लागलं नाही. शेवटी सी जव्वाद स्वतः लल्ला नझहांच्या यंत्रावर जाऊन बसले. त्या यंत्राला त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता. नाव घातलं, पासवर्ड घातला, आणि त्यांचं स्वतःचं कपाट समोर आलं. त्यांनी खुर्चीतूनच वळून विचारलं, "आणि उद्या कुणी चौथ्याच जातीचं यंत्र आणलं तर?"

"त्यालाही भाषा शिकवीन," मी म्हटलं.

कासाब्लांकाच्या गृहस्थांनी घसा साफ केला. "आमची कंपनी देखभालीचं काम तरी..."

"देखभाल लल्ला विआम बघतील," सी जव्वाद म्हणाले. "सगळ्या मजल्यांची. या इमारतीत यंत्र कुठलं येईल आणि कसं चालेल हे यापुढे त्या ठरवतील. नकाशांचा विभाग आहे तिथेच राहील." मग त्यांनी करार मागवला आणि छापयंत्रावर टेकवून सगळ्यांसमोर सही केली. गृहस्थांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही कासाब्लांकाला या. आम्हाला तुमच्यासारख्या हव्यात."

मी म्हटलं, "इथे काम आहे."

मला आनंद झाला आहे, खाला. हे वाक्य मी पुन्हा तपासून पाहिलं. बरोबर आहे.

विआम


वज्दा, १३ जून

विआम, माझ्या काळजा,

तुझं पत्र मीमूनने जिन्यातच दिलं. मी तिथेच उभ्या उभ्या वाचलं, चष्म्याशिवाय, कसं वाचलं अल्ला जाणे. "सही केली" इथवर आले आणि मला राहवेना. डोक्यावरचा रुमाल सावरला, मान वर केली आणि जीभ नाचवत अशी युयू दिली, विआम, अशी, की तुझ्या आईच्या लग्नातही दिली नव्हती. चारही मजल्यांवर घुमली. कबुतरं उडाली. मीमूनच्या हातातली पिशवी पडली.

दारं धडाधड उघडली. फतूम पिठाच्या हातांनी धावत खाली आली. "कुणाचं ठरलं? कुणाचं लग्न?"

मी म्हटलं, "लग्न कसलं घेऊन बसलीस! माझ्या भाचीने तीन वैरी घराणी एका छपराखाली नांदायला लावलीत, आणि कारभार तिच्या हातात आलाय!"

फतूमला काही कळलं नाही. पण तिने हात झटकले, पीठ उडालं, आणि तिनेही दिली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या हाज्जाने. मग तिच्या सुनांनी. आख्खा जिना वाजत होता, विआम, आणि त्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं कशासाठी. मला ठाऊक होतं.

खाला यामना